इंदुताईंचे चौदा नग

इंदुताई म्हात्रेंकडे वाटीभर साखर मागायला जायचं म्हणजे आधी घरी बसून तयारी करावी लागायची. किती हवी, कशाला हवी आणि परत कधी देणार, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ नसली तर त्या दारातच उभं करून ठेवायच्या. "थोडीशी द्या हो," असं मी पहिल्यांदा म्हणाले तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"थोडीशी असं माप नसतं, सुमन. चमचा हाय, वाटी हाय, किलो हाय. बोल."

मी मनात म्हटलं, डोंबल तुमचं, आणि घरी येऊन बिनसाखरेचा चहा प्यायले. माझा स्वभाव आधीच तापट. त्यात पेणला यांच्यापासून दोन घरं सोडून राहायचं, सकाळी रोह्याच्या गाडीला यांच्या शेजारी बसायचं, दिवसभर एकाच कंपनीत काम करायचं आणि संध्याकाळी पुन्हा यांच्याच शेजारी बसून परत यायचं. अकरा वर्षं मी हे केलं. माझ्या नवऱ्याच्या वाट्याला मी एवढी आले नाही.

रोह्याच्या त्या केमिकल कंपनीत मी टायपिस्ट आणि इंदुताई स्टोअरकीपर. बुटक्या, काटक, केसांचा घट्ट अंबाडा, त्यात खोचलेलं एक पेन आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी असायची. इथपर्यंत ठीक, तो कामाचा भाग झाला. पण छत्रीलाही चिठ्ठी. डब्याला चिठ्ठी, डब्याच्या झाकणाला वेगळी चिठ्ठी. घरी सुक्या जवळ्याच्या बरणीवर 'किमान साठा: अर्धी बरणी' असं लिहिलेलं, आणि बरणी अर्ध्यावर आली की पाहुणा कितीही मोठा असो, जवळा बंद.

शेवटचा नग त्या कुणाला देत नसत. एकदा बड्या साहेबांच्या केबिनचा दिवा गेला आणि स्टोअरात एकच बल्ब शिल्लक. साहेबांनी शिपाई पाठवला, मग कारकून पाठवला, मग स्वतः आले. इंदुताई उठून उभ्या राहिल्या, नमस्कार केला आणि म्हणाल्या, "साहेब, शेवटचा नग देत नसतात. नवीन माल सोमवारी येतोय." साहेबांनी दोन दिवस टेबल व्हरांड्यात मांडून काम केलं. सोमवारी माल आल्यावर इंदुताई स्वतः चार बल्ब घेऊन गेल्या. तेव्हा साहेबांनी विचारलं, "बाई, तो शेवटचा बल्ब तुम्ही ठेवला होता कुणासाठी?" त्या म्हणाल्या, "तुमच्यानंतर जो कोण मागेल त्याच्यासाठी." साहेबांनी हात जोडले. मी तिथेच पत्र घ्यायला बसले होते, माझ्या वहीवर टिपं गळेपर्यंत मी हसू दाबलं.

तर अशा या बाई. लग्न राहून गेलेलं. आईवडील धरमतरच्या खाडीकडच्या मिठागरावर राबून गेले. पेणच्या घरात धाकटा भाऊ दामू, त्याची बायको पुष्पा आणि या. दामू डोलवीला कंपनीत शिफ्टला जायचा. पंधरा वर्षांनी लहान. त्याचं नाक पुसण्यापासून त्याची नोकरी लागेपर्यंत सगळं इंदुताईंनी केलेलं. तो त्यांना 'ताय' म्हणायचा आणि घाबरायचाही.

एका वर्षी आमच्या कंपनीनं जुन्या लोकांना पैसे देऊन घरी पाठवायला सुरुवात केली. कुणी फ्रिज घेतला, कुणी स्कूटर. इंदुताईंनी विद्यापीठाचा फॉर्म आणला. गाडीत येता-जाता पुस्तकं वाचून त्यांनी बाहेरून बी.ए. केलं होतं, ते मला ठाऊक होतं. पण आता त्या एम.ए. करणार होत्या, आणि तेही विद्यापीठाच्या आवारात, मुलींच्या वसतिगृहात राहून. वय सत्तेचाळीस. विषय तत्त्वज्ञान.

"तत्त्वज्ञान?" मी विचारलं. "तुम्ही?"

"सत्तावीस वर्षं नग मोजले," त्या म्हणाल्या. "आता ज्याचे नग होत नाय ते काय असतं बघते."

आणि प्रवेश मिळाला हो. वसतिगृहाचं पत्र आलं. पत्राच्या पाठीमागे विद्यार्थिनींनी सोबत आणायच्या वस्तूंची छापील यादी होती: बादली, मग, गादी, उशी, दोन चादरी, ताट, दोन वाट्या, तांब्या, पेला, दोन चमचे, कुलूप असे एकूण चौदा नग. इंदुताईंनी ती यादी मला दोनदा मोठ्यानं वाचून दाखवली. मी त्यांना अकरा वर्षांत असं पाहिलं नव्हतं. यादीखाली एक ओळ होती, ती मात्र त्यांनी अंगठ्यानं झाकून धरली होती. अंगठा बाजूला केल्यावर मी वाचली. विद्यार्थिनीनं वडील, पती किंवा भाऊ यांच्या सहीचं संमतीपत्र आणावं, आणि त्यांच्यापैकी एकानं सोबत येऊन शनिवारी पाचच्या आत तिला दाखल करावं. नाहीतर जागा पुढच्या मुलीला.

वडील गेलेले. पती नव्हताच. उरला दामू.

दामूनं साफ नाही म्हटलं. "ताय, सत्तेचाळीस वर्सांची बाई होस्टेलात ऱ्हायला गेली तं लोक काय बोलतील? भावानं बहिनीला घराबाहेर काढली, असंच बोलतील ना? तुना इथं काय कमी हाय?"

"कमी काय नाय."

"मग?"

"मना शिकायचं हाय."

"घरी शिक. मी लाईट लावून देतो."

त्यावर इंदुताईंनी त्याला एवढंच विचारलं की ते बोलणारे लोक येऊन सही करणार आहेत का. नसतील तर त्यानं करावी. दामू उठून गेला आणि त्यानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. शनिवारला तीन आठवडे होते. इंदुताईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी उचलली आणि बादली घ्यायला बाजारात गेल्या.

"सही नाही आणि खरेदी कसली करताय?" मी चिडले. "आधी कागद, मग माल, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना?"

"ही तातडीची खरेदी हाय. तातडीत कागद मागून येतो."

पेणच्या बाजारात भिकूशेठचं भांड्याचं दुकान. भिकूशेठ म्हणजे मोठ्या मिशांचा, लाजराबुजरा माणूस. बायको जाऊन आठ वर्षं झालेली. इंदुताईंनी त्याच्याकडे बादलीचं लेखी कोटेशन मागितलं. कोटेशन तीन दुकानांतून घ्यायचं असतं. उरलेल्या दोन दुकानदारांनी यांना हसून वाटेला लावलं, तेव्हा यांनी वहीत लिहिलं, 'दुकानदार उत्सुक नाहीत.' भिकूशेठनं मात्र बिचाऱ्यानं बराच वेळ विचार करून एका कागदावर लिहून दिलं, 'बादली चांगली आहे. भिकू.' तो कागद इंदुताईंनी फाईलला लावला.

दुसऱ्या दिवशी चाचणी. बादली काठोकाठ भरायची, दुकानातल्या तराजूच्या हुकाला टांगायची आणि कडी सुटते का ते बघायचं. किती वेळ? अर्धा तास. त्या स्टुलावर बसून बादलीकडे बघतायत, भिकूशेठ गादीवर बसून बादलीकडे बघतोय, मध्ये दोन चहा आले. गिऱ्हाईकं दारातून डोकावून परत जात होती. तिसऱ्या दिवशी रविवार, म्हणून मलाही नेलं. मला वाटलं सोबतीला. तिथे बादली पालथी घातली आणि मला म्हणाल्या, "चढ."

"कुठं?"

"बादलीवर. आपल्यात तू जड."

भर बाजारात त्या बाईनं मला बादलीवर उभं केलं. समोरच्या दुकानातल्या बायका बघतायत, भिकूशेठ संकोचानं दुसरीकडे बघतोय, आणि या खाली वाकून बुडाला चीर जाते का बघतायत. मी त्यांना म्हटलं, "हॉस्टेलात बादलीवर कोण उभं राहणार आहे?" त्या म्हणाल्या, "माळ्यावरचं काढायला लागलं तर?" मी आठ दिवस त्यांच्याशी बोलणार नव्हते, पण सोमवारी गाडीत जागा यांनीच धरली होती. त्या कंपनीतून सुटल्या तरी आठवड्यातून दोनदा माझ्याबरोबर रोह्याला यायच्या, रोह्याच्या बाजारात वस्तू बघायला. बादली चौथ्या दिवशी घेतली.

दरम्यान घरात त्यांनी आणखी एक प्रकार सुरू केला होता. वसतिगृहातल्या खाटेचं माप पत्रात दिलं होतं, सहा फूट बाय अडीच. इंदुताईंनी पुढच्या खोलीतल्या फरशीवर खडूनं त्या मापाचा चौकोन काढला आणि त्यात झोपायला लागल्या. सवय व्हावी म्हणून. पुष्पावहिनी माझ्याकडे येऊन रडकुंडीला आल्या. "वन्सं रोज चौकोनात निजतात. पाय भायेर गेला तं सकाळी वहीत लिवतात. काल माझ्या हातनं लादी पुसताना रेघ गेली, तर बोलल्या, पुष्पा, तुना माझी खाट पुसली."

"दामूभावजी काय म्हणतात?"

"ते काय बोलत नाय. चौकोन चुकवून चालतात."

गादी रोह्याहून करून घ्यायची होती, कारण तिथल्या पिंजाऱ्याचा कापूस त्यांनी कंपनीच्या विश्रामगृहासाठी पारखलेला. माझं ऑफिस सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर गेले. त्या पिंजारी चाचानं गादी तयार ठेवली होती. इंदुताई म्हणाल्या, "आडवं होऊन बघते," चपला काढल्या, दुकानात गादीवर आडव्या झाल्या, डोळे मिटले आणि झोपल्या. नुसत्या पडल्या नाहीत, घोरायला लागल्या.

चाचा माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "बाई सो गयी क्या?"

"नाही," मी म्हटलं. "चाचणी चालू आहे."

त्यानं हातातलं कापूस पिंजायचं धनुष्य खाली ठेवलं आणि बाईंची झोप मोडू नये म्हणून काम थांबवलं. आमची गाडी गेली. पुढच्या गाडीत ती गादी चढवताना डब्यातल्या लोकांनी आमचा उद्धार केला, मग त्याच लोकांना इंदुताईंनी गादीवर बसायला दिलं, प्रत्येकी एक स्टेशन. नागोठणं गेल्यावर त्या मला आपण होऊन बोलायला लागल्या. आवाज नेहमीसारखाच, माल आला, माल गेला, असा.

"मॅट्रिकला माझा पयला नंबर. बा मिठागरावर. मुंबईच्या कॉलेजात नाव लागलं, होस्टेल पन. बानं सगळं घेतलं. ट्रंक, वळकटी, स्टो, तांब्या, बादली. घरात मांडून ठेवलेलं. त्याच आठवड्यात मोठ्या बहिनीचं, कमळीचं, लगीन ठरलं. पोराकडच्यांना घाई. रुखवतात मांडाया घरात काय नव्हतं. आय बोलली, इंदू, तुझं मागनं घेऊ."

"मग?"

"मग काय. कमळी गेली, बादली पन गेली. रुखवतातनं माल परत येत नसतो." त्यांनी खिडकीबाहेर कासूचं स्टेशन आलं का ते बघितलं. "दोन वर्सांनी कंपनी निघाली. स्टोअरमधे लागले. म्हटलं, इथंच दारात बसते. इथनं कोन काय उचलून नेतो ते बघते."

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मी पदरानं डोळे पुसत होते आणि त्या एका माणसाला गादीवरून उठवत होत्या, कारण त्याचं स्टेशन संपलं होतं. त्या दिवसापासून मी त्यांची बाजू घेतली. चौदाही नगांच्या चिठ्ठ्या मी ऑफिसात लपूनछपून टाईप करून दिल्या. दामूलाही दोनदा रस्त्यात गाठून बोलले. त्यानं मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाला, "वैनी, तुमाला नाय कलायचं. माझी ताय हाय ती."

शनिवार दोन दिवसांवर आला. सही नव्हती.

गुरुवारी सकाळी इंदुताईंनी प्रत्यक्ष पडताळणी काढली. स्टोअरात वर्षातून एकदा करायचो तशी. सगळा माल जमिनीवर ओळीनं मांडायचा, प्रत्येक वस्तूसमोर चिठ्ठी ठेवायची, आणि मग यादी हातात घेऊन एकेक नग तपासायचा. वीज गेली होती म्हणून त्यांनी पुढचं दार सताड उघडलं, ओट्याला लागून चटई अंथरली आणि तीवर मांडामांड केली. बादली मध्यभागी, तिच्या दोन्ही बाजूंना ताट-वाट्या, मागे गादीची गुंडाळी, तिच्यावर घडी घातलेल्या चादरी, पुढे चमचे.

समोरच्या रत्नाबाई गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायच्या. आषाढ लागलेला, कारखान्यात कामाची धांदल, त्या घाईनं निघाल्या होत्या. त्यांनी उघड्या दारातून आत बघितलं आणि थांबल्या. बिनलग्नाच्या बाईचं घर. दारात चटई, चटईवर कोरी भांडी, गादी, चादरी, सगळं ओळीनं, वर चिठ्ठ्या. पेण तालुक्यात जन्मलेल्या कुठल्याही बाईला हे काय आहे ते सांगावं लागत नाही. ते रुखवत असतं.

"छान मांडलंय गो," रत्नाबाई म्हणाल्या. "कवा?"

"शनिवारी," इंदुताई चमचे मोजत म्हणाल्या.

बस्स. रत्नाबाई कारखान्यात पोचल्या तेव्हा त्यांच्याबरोबर बातमी पोचली, आणि तिथे चाळीस बायका हाताला रंग लावून बसलेल्या. आषाढात लग्न म्हणजे घाईचं असणार. घाईचं म्हणजे रजिस्टर असणार. नवरा कोण, याला त्यांना पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एक बादली घ्यायला कुणी शहाणी बाई भिकूशेठच्या दुकानात चार दिवस बसते का? समोरासमोर बसून, दोन-दोन चहा घेत?

मी रोह्याला ऑफिसात होते. दुपारी एकच्या सुमाराला पेणहून टेलिफोन आला आणि शिपाई धावत मला सांगत आला. "तुमच्या इंदुताईंचं लगीन शनिवारी." माझं टाळकं फिरलं. देवाशपथ सांगते, मला आनंद वगैरे काही झाला नाही. चिठ्ठ्या मी टाईप करायच्या, बादलीवर मी उभं राहायचं, आणि लग्न मला न सांगता? मी अर्धी रजा टाकली. माझ्याबरोबर स्टोअरातली चार माणसंही निघाली. त्यांनी वाटेत वर्गणी काढून भिंतीवरचं घड्याळ घेतलं.

आम्ही पोचलो तेव्हा गल्लीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. खोलीत बायकाच बायका. चटईभोवती आहेर जमलेला: दोन घड्याळं आधीच आलेली, आमचं तिसरं, एक कुकर, खणनारळ, आणि कारखान्यातल्या बायकांनी आणलेला एक वीतभर गणपती, ज्याचे डोळे घाईत आखायचे राहून गेले होते. या सगळ्याच्या मधोमध इंदुताई गुडघ्यांवर बसून पुन्हा पहिल्यापासून यादी तपासत होत्या. एवढी माणसं का आली आहेत याचा त्यांना पत्ता नव्हता. त्यांना वाटलं, पडताळणी बघायला आली आहेत. त्याचं त्यांना बरं वाटत होतं. यादीत नसलेल्या मालाकडे त्या बघतच नव्हत्या. येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या सांगत होत्या, "बघा, हात लावून बघा, पण जाग्यावर ठेवा."

आणि ओट्याच्या पायरीशी भिकूशेठ उभा. डोक्याला नवी कोरी टोपी, हातात प्लॅस्टिकचं झाकण. त्याच्याकडे बघून बायका पदर तोंडाला लावत होत्या. मी जवळ गेले तेव्हा तो घामाघूम होऊन पुटपुटला, "वैनी, मी नुस्तं कोटेशन दिलं होतं. बादलीबरोबर झाकण द्यायचं ऱ्हायलं, ते द्याया आलो." पण टोपी का घातली होती ते काही त्यानं सांगितलं नाही.

चारच्या सुमाराला दामू आला. पहिली शिफ्ट संपवून येताना एस.टी. स्टँडवर तिघांनी त्याचं अभिनंदन केलं होतं, आणि पानवाल्यानं जेवण कुठे आहे ते विचारलं होतं. तो दारात आला, चटई बघितली, घड्याळं बघितली, भिकूशेठला बघितलं.

"ताय," तो म्हणाला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा बोलला तो. "हे काय हाय?"

"थांब. चमचे. दोन." इंदुताईंनी खूण केली आणि वर बघितलं. "काय बोलतोस?"

"तू लगीन करतेस? भिकूशेठशी?"

इंदुताईंनी आधी दामूकडे बघितलं, मग चटईकडे. मग बायकांकडे, गणपतीकडे, टोपीकडे. मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यांना कळलं ते मला दिसलं. आधी लाल झाल्या, आणि मला वाटलं आता या सगळ्यांना झाडूनं हाकलणार. पण त्यांनी यादी घडी करून पेनाबरोबर अंबाड्यात खोचली आणि उठून उभ्या राहिल्या.

"दामू, मना एक सांग. मी उद्या याच्याशी लगीन करायचं बोलले, तर तुझी सही लागंल?"

दामूनं विचार केला. "नाय."

"कुनाचीच लागनार नाय. सत्तेचाळीस वर्सांची हाय मी. आनी शिकाया जायचं बोलले तर लागते." त्यांचा आवाज फुटला. मी अकरा वर्षांत तो फुटलेला ऐकला नव्हता. "मी तुझा फॉर्म भरला, पयलीतला. पालक म्हणून माझी सही हाय त्याच्यावर. मना कुनी विचारलं नाय लोक काय बोलतील म्हणून. आता बघ, तुना काय सोपं पडतंय ते. एक तरी होऊ दे."

दामूचे डोळे भरले होते, पण तो कोणत्या गोष्टीसाठी रडत होता ते सांगणं कठीण होतं, कारण त्याच वेळी भिकूशेठनं घसा खाकरला आणि झाकण घेऊन एक पायरी वर चढला.

"पेन कुठाय?" दामू ओरडला. "आनी सगल्यांनी ऐका. लगीन नाय. ताय शिकाया चालली हाय. मी पाठवतो."

इंदुताईंनी अंबाड्यातलं पेन काढून दिलं. संमतीपत्राच्या तीन प्रती त्यांनी तयारच ठेवल्या होत्या. दामूनं एकीवर सही करून पेन परत दिलं, तर म्हणाल्या, "तिन्हीवर." भिकूशेठनं साक्षीदार म्हणून सही करायची तयारी दाखवली, तिची गरज नव्हती, तरी त्यांनी करू दिली.

आहेर परत न्यायला कुणी तयार होईना. इंदुताई म्हणत होत्या, लग्न नाही तर माल परत. शेवटी रत्नाबाईच म्हणाल्या, "ऱ्हाव दे गो. घड्याळ शिकताना पन लागतं." यावर इंदुताईंनी बराच वेळ विचार केला आणि एक घड्याळ ठेवून घेतलं.

शनिवारी दामूनं ओळखीच्या माणसाची जीप आणली. मीही गेले. वसतिगृहाच्या दारात जिकडेतिकडे बादल्या, वळकट्या आणि रडणाऱ्या आया. वॉर्डनबाई इंदुताईंपेक्षा दहा वर्षांनी तरी लहान. तिनं आमच्या तिघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि विचारलं, "मुलगी कुठे आहे?" इंदुताईंनी हात वर केला. वॉर्डननं कागद दोनदा वाचला, सही बघितली, आणि सामानाच्या यादीवर न बघताच बरोबरची खूण करायला लागली.

"अहो, बघा तरी," इंदुताई म्हणाल्या. "एवढं आणलंय."

मागे रांग लागली होती. पण तिनं बघितलं. चौदाच्या चौदा नग, एकेक करून. तिची कमाल वाटते मला अजून.

मग पाच वाजले आणि पालकांना बाहेर काढायला सुरुवात झाली. दामू वॉर्डनला बाजूला घेऊन सांगत होता, "मॅडम, आमची जरा हट्टी हाय. रागानं काय बोलली तं मनावर घेऊ नका. गुरुवारी उपास असतो. थंडी बाधते तिला." आणि ती शहाणी बाई त्याला समजावत होती, "काळजी करू नका. पहिले चार दिवस सगळ्यांनाच जड जातं." इंदुताई शेजारीच उभ्या राहून ऐकत होत्या. एरवी त्यांनी दामूला तिथेच गप्प केलं असतं. त्या दिवशी नाही केलं.

आत घंटा झाली, हजेरीची. सगळ्या मुली आवाराच्या त्या टोकाला पळायला लागल्या आणि इंदुताईही पळाल्या. साडीचा काठ एका हातात धरून, वीस-एकवीस वर्षांच्या पोरींच्या लोंढ्यात, मागे न बघता. मी त्यांना गाडी सुटतानासुद्धा कधी पळताना पाहिलं नव्हतं. आमची काही विचारपूस नाही, निरोप नाही, काही नाही.

आम्ही दोघं फाटकाबाहेर गज धरून उभे राहिलो. नावं पुकारलेली ऐकू येत होती, आधी आडनाव, मग नाव. 'म' यायला बराच वेळ लागला.

"म्हात्रे इंदुमती."

"हजर." एवढ्या मोठ्यानं की आतल्या पोरी खळखळून हसल्या.

दामू तिथेच गजांना कपाळ टेकून हुंदके द्यायला लागला. फाटकावरचा वॉचमन म्हातारा होता, दर वर्षी हे बघणारा. त्यानं स्टूल पुढे सरकवलं आणि समजुतीनं विचारलं, "पहिलीच मुलगी वाटतं?"

दामूनं बाहीनं तोंड पुसलं.

"व्हय," तो म्हणाला. "आमच्या घरातली पयलीच."